लिटल विच अकॅडेमियाच्या डिस्क : कुणी घेतल्या, कुणी सोडल्या (अनुभव धागा)

मंडळी, झाडूवर धड बसताही न येणारी अक्को लूना नोव्हात जादू शिकायला जाते, ती स्टुडिओ ट्रिगरची 'लिटल विच अकॅडेमिया' ही अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) मालिका इथे बऱ्याच जणांनी पाहिलेली दिसते. सगळं घरबसल्या दिसत असताना ज्यांनी तिच्या डिस्क घेतल्या, किंवा घेता घेता नाद सोडला, त्यांनी जरा सविस्तर लिहा. 'मस्त आहे' एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.

न्यू जर्सीहून
मी किकस्टार्टरवाली, म्हणजे लोकवर्गणी जमवणाऱ्या त्या संकेतस्थळावर पैसे दिलेली. मालिकेआधीचा २०१३ चा पहिला लघुपट 'अ‍ॅनिमे मिराई' या उपक्रमातला. तरुण अ‍ॅनिमेटरांना प्रत्यक्ष काम करत शिकता यावं म्हणून जपान सरकारचं सांस्कृतिक खातं त्याला पैसे द्यायचं. दिग्दर्शक योह योशिनारी. म्हणजे शिकाऊ चेटकिणींची गोष्ट शिकाऊ मंडळींनीच रेखाटली! लघुपट सबटायटलसकट यूट्यूबवर आला आणि परदेशातले लोक अक्षरशः मागे लागले. दुसऱ्या भागाच्या २० मिनिटांची सोय झाली होती. तो आणखी १५ मिनिटांनी वाढवायचा म्हणून स्टुडिओने जुलैत किकस्टार्टरवर दीड लाख डॉलर मागितले. ते काही तासांतच जमले, आणि शेवटी ७,९३८ जणांचे मिळून ६,२५,५१८ डॉलर झाले. त्यातले थोडे माझे.

नवऱ्याने विचारलं, "ही कसली भिशी?" बरोबरच होतं त्याचं, फक्त भिशीत आपला नंबर कधी लागणार ते माहीत असतं. तो दुसरा भाग, 'द एन्चान्टेड परेड', पडद्यावर यायला २०१५ उजाडलं. ब्लू-रे हातात आली तेव्हा माझ्याआधी त्यानेच पाकीट फोडलं. मिरवणुकीची धमाल आहेच, पण मला अजूनही पहिला लघुपटच उजवा वाटतो. तळघरातला खजिना, जादू खाऊन फुगणारा ड्रॅगन, गोष्ट संपली. पाल्हाळ नाही.

पुण्याहून
मी घेतली नाही, कारण क्षेत्राची भानगड. कुलूप घातलेली डिस्क ज्या क्षेत्रासाठी काढली तिथल्याच प्लेअरवर चालते. ब्लू-रेसाठी जपान आणि अमेरिका 'ए' क्षेत्रात, युरोप 'बी'त आणि आपण 'सी'त. डीव्हीडीत तर जपान २, अमेरिका १, भारत ५. मामेभावाने टोकियोहून दुसऱ्याच एका अ‍ॅनिमेची डिस्क आणली होती, आमच्या प्लेअरने तिला उभंच केलं नाही. हे कुलूप सगळ्याच डिस्कना नसतं. वेष्टनाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, मागवण्याआधी ते विचारून घ्या. पोस्टेज आणि कस्टमचा हिशेब केल्यावर माझा उत्साह तसाही ओसरला.

टोकियोहून (निशी-कासाई)
वर कस्टमबद्दल वाचून बरं वाटलं, आम्हाला ती कटकट नाही! पण जपानी पद्धत खिशाला भारी पडते. टीव्हीवरचे २५ भाग तोहो कंपनीने ब्लू-रेच्या ९ खंडांत काढले, म्हणजे एका डिस्कवर जेमतेम दोन-तीन भाग. नवीन घेणं परवडेना, म्हणून अकिहाबारातल्या जुन्या मालाच्या दुकानांतून एकेक जमवतोय. इथले लोक वस्तू इतक्या जपून वापरतात की 'जुनी' म्हणायला जीभ रेटत नाही. बायको म्हणते घरात जागा कुठे आहे? तिला चौथा भाग दाखवला. अक्कोची मैत्रीण लोटे, तिच्या लाडक्या 'नाइटफॉल' कादंबरीचे ३६५ खंड आहेत, त्यापुढे माझे नऊ किस झाड की पत्ती.

ठाण्याहून
आमच्याकडे डिस्क नाही, नेटफ्लिक्स. २०१७ मध्ये जपानमध्ये मालिका जानेवारी ते जून चालली. आपल्याला पहिले १३ भाग ३० जूनला मिळाले आणि उरलेले थेट १५ ऑगस्टला. लेकीने तेवढ्या दिवसांत अक्कोची हुशार वर्गमैत्रीण डायना चांगली की वाईट यावर शाळेत भांडणं केली.

नाशिकहून
थोडा विरोधी सूर लावतो. पूर्वार्ध झकास, सुटे सुटे खोडकर भाग. उत्तरार्धात राजकारण शिरलं आणि शेवटी चक्क क्षेपणास्त्रामागे झाडू! मिचिरु ओशिमांच्या संगीताने तो शेवट तारला, नाहीतर कठीण होतं. सगळा संच मी काही घेणार नाही. पण अक्को तिची मैत्रीण सुसी हिच्या मनात शिरते तो आठवा भाग मोठ्या पडद्यावर पुन्हा पुन्हा पाहण्यासारखा आहे. निशी-कासाईकर, तो कितव्या खंडात आहे, आणि सुटा मिळतो का तिकडे? डिसेंबरात भाऊ येतोय तिकडून.