मदत हवी आहे: बालसंगोपनावर आमदार सभागृहात काय बोलले, ते कसं शोधायचं?

आमच्या गटात एकल माता आहेत. बालसंगोपन योजनेचं (आई किंवा वडील नसलेल्या, गरजू मुलांच्या संगोपनासाठीची मदत) दरमहा अनुदान 2023 मध्ये 1,100 वरून 2,250 रुपये झालं. त्यावर आणि 'लेक लाडकी' या मुलींसाठीच्या अर्थसाहाय्य योजनेवर आमच्या भागातल्या तीन आमदारांनी 2019 ते 2024 या काळात विधानसभेत काय भूमिका घेतली, ते आम्हाला एका पानावर मांडायचं आहे.

जाहीरनामे वाचून झाले, पण त्यात पक्ष बोलतो, आमदार नाही. निवडणुकीची शपथपत्रंही पाहिली. मालमत्ता, गुन्हे, शिक्षण सगळं आहे, धोरणाबद्दल अवाक्षर नाही. फेसबुकवरची भाषणं अर्धवट कापलेली, ती पुरावा म्हणून धरवत नाहीत. विधानसभेच्या कार्यवाहीच्या ज्या पीडीएफ मिळाल्या त्या स्कॅन केलेल्या आहेत. 'बालसंगोपन' टाकलं की शून्य निकाल, आणि डोळ्यांनी चाळलं तर तोच शब्द पानाच्या मधोमध सापडतो! शिवाय बहुतेक मंजुरी आवाजी मतदानानं, म्हणजे कोणी कुठे मत दिलं याची नोंदच नाही.

मुंबईला येऊन विधानमंडळाच्या ग्रंथालयात बसणं सध्या शक्य नाही. माहिती अधिकाराचा अर्ज करायची तयारी आहे. कोणता पक्ष चांगला, ही चर्चा कृपया इथे नको.

तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात), लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणाऱ्या) आणि महिला व बालविकास विभागाच्या अर्थसंकल्पी मागण्यांवरची भाषणं सदस्याच्या नावानुसार कुठे मिळतात? आणि अर्ज विधानमंडळ सचिवालयाकडे करायचा झाला, तर मागणी नेमक्या कोणत्या शब्दांत लिहावी?