एमकॅस एकाच सेन्सरवर विसंबून का होतं?

प्रश्न: बोईंग ७३७ मॅक्सच्या नाकाजवळ अँगल ऑफ अटॅकचे (पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन मोजणारे) दोन सेन्सर आहेत, एकेका बाजूला एक. तरी एमकॅस (हा कोन फार वाढला की विमानाचं नाक आपोआप खाली दाबणारी यंत्रणा) एका वेळी एकाचंच का ऐकायचं? तीन असते तर भागलं असतं का?

प्रतिसाद १: मूळ चूक धोक्याची श्रेणी ठरवताना झाली. एमकॅस भलत्या वेळी चाललं तर वैमानिक काही सेकंदांत ओळखून सावरेल, हे बोईंगने गृहीत धरलं. त्यामुळे एक सेन्सर चालून गेला. पुढे एमकॅसने स्टॅबिलायझर (शेपटीचा आडवा पंख) हलवण्याची मर्यादा ०.६ वरून २.५ अंशांवर नेली. त्यात वैमानिकाने ट्रिमचं (स्टॅबिलायझर हलवण्याचं) बटण सोडलं की ५ सेकंदांनी एमकॅस पुन्हा नाक खाली दाबायचं, कितीही वेळा! ऑक्टोबर २०१८ मध्ये लायन एअरच्या विमानाचा डावा सेन्सर सुमारे २० अंश जास्त दाखवत होता. १८९ माणसं गेली.

प्रतिसाद २: स्टॅबिलायझरच्या मोटरची वीज तोडणारे कटआउट स्विच होते, पण ते वेळेत बंद व्हायला हवेत. मार्च २०१९ मध्ये इथिओपियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी ते बंद केले, तोवर वेग इतका वाढला होता की ट्रिमचं चाक हाताने फिरेना. १५७ मृत्यू.

प्रतिसाद ३: दोन सेन्सरमधली तफावत कळते, खोटा कोणता ते कळत नाही. म्हणून आता ५.५ अंशांहून जास्त फरक पडला की एमकॅस गप्प बसतं. तीन सेन्सरचं बहुमतही फसतं: नोव्हेंबर २०१४ मध्ये लुफ्तान्साच्या एअरबस ए३२१ चे दोन सेन्सर चढताना गोठले, त्यांनी चांगल्या तिसऱ्याला हरवलं आणि विमान खाली झेपावलं. एअर डेटाचा (सेन्सरचे आकडे वाचणारा) संगणक बंद केल्यावर ते वैमानिकांच्या पूर्ण ताब्यात आलं.