हाउसबोटीवरून गरवायचंय, पण शापोरा नदी अजिबात ओळखीची नाही

वाळवंटीकाठचा
नमस्कार मंडळी. आम्ही साखळीचे, गळ टाकायची सवय लहानपणापासूनची पण सगळी गोड्या पाण्यातली, गांडूळ लावायचं आणि डोहाच्या कडेला बसून राहायचं. आता डिसेंबरात घरच्यांनी मिळून गोव्यातच शिवोलीला शापोरा नदीवर एका रात्रीसाठी हाउसबोट भाड्याने घेतलीय, दुपारी चढायचं आणि दुसऱ्या दिवशी नाश्ता करून उतरायचं. बोटवाला म्हणाला डेकवरून गरवायला हरकत नाही, सामान तुमचं तुम्ही आणा, रात्री बोट नांगरून ठेवतो. शापोऱ्यात मी आजवर कधी गळ टाकलेला नाही. कुठल्या वेळेला बसायचं, काय लावायचं, दोरी किती जाड घ्यायची? चोणक, तो खाडीतला मोठा मासा, मिळेल का हो? त्या दिवशी तिथी दशमी आहे, सोबत दोन लहान मुलंही असतील.

शिवोलीकर
दादा, तुम्ही तिथी सांगितली ते बरं केलं कारण खाडीत आधी पाण्याची वेळ बघायची आणि मग घड्याळाची. जुना हिशोब सोपा आहे, तिथीला पाऊणने गुणायचं, दशमी म्हणजे साडेसात, म्हणजे सकाळ-संध्याकाळ साडेसातच्या आसपास पूर्ण भरती. हा नुसता अंदाज, तासभर इकडेतिकडे होतं, म्हणून मुरगाव बंदराचं भरतीचं टेबल मोबाइलवर बघून ठेवा आणि लक्षात असू द्या की शापोरा किल्ल्याखाली नदीच्या तोंडाला भरती लागली तरी शिवोली-चोपड्याच्या पुलाकडे ती उशिरा पोचते आणि कोलवाळला त्याहून उशिरा. पाणी भरून थांबलं की मासाही थंड पडतो. तुम्ही संध्याकाळी भरती चढत असताना शेवटचे दीड-दोन तास बसा, मग आरामात जेवून घ्या आणि सुकतीला, म्हणजे ओहोटीला, ओढ लागली की परत गळ टाका, ती वेळ मला सगळ्यात जास्त आवडते. दशमीला पाण्याला बेताची ओढ असते, पुनवेच्या उधाणासारखं दोरीला वजनासाठी लावलेलं शिसं वाहून जात नाही, नवीन माणसाला हे सोयीचंच.

अजून एक, बोटवाल्याला विचारून घ्या की नांगर एकाच टोकाला टाकतो की दोन्ही टोकं बांधतो. एकच नांगर असेल तर पाणी फिरलं की अख्खी बोट वळते आणि तुमची दोरी नांगराच्या दोरात जाऊन गुंतते. त्यामुळे पाणी ज्या बाजूला वाहत जातंय त्या टोकाला बसायचं आणि पाणी फिरलं की दोरी गुंडाळून बोट स्थिर होईपर्यंत थांबायचं.

खाजनवाली
शिवोलीकर दादांनी वेळ सांगितली, मी जागेचं सांगते. दोन्ही काठांना खारफुटी दिसेल आणि मधेमधे बांधात मानस दिसेल, म्हणजे खाजन शेतातलं, खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातलं, पाणी आत-बाहेर सोडायची लाकडी दारं. सुकतीला आतलं पाणी बाहेर येतं तेव्हा त्याच्याबरोबर सुंगटं म्हणजे कोळंबी, बारीक शेवटे मासे, काळुंदर माशांची पिल्लं असं सगळं वाहत येतं आणि चोणक, तांबोशी असे शिकारी मासे त्या प्रवाहाच्या कडेला येऊन उभे राहतात. पाणी उकळल्यासारखं दिसतं आणि मधेच एखादा धप्पकन आवाज येतो, तो ऐकला की समजायचं.
पण कृपा करून मानशीच्या अगदी तोंडाशी गळ किंवा जाळं टाकू नका. तिथल्या मासळीचा लिलाव होतो, गावातल्या कुणीतरी पैसे भरून वर्षभराचा हक्क घेतलेला असतो आणि बांधाची डागडुजी त्याच पैशातून व्हायची असते. लांब थांबून प्रवाहाच्या खालच्या अंगाला गरवा, मासा तिथेही असतो. बोटवाल्याला म्हणावं बोट अशा ठिकाणाच्या खाली थोडी लांब नांगरून दे, जागा असेल तर माणसं ऐकतात.

गरीवाला_पेडणे
सामानाबद्दल. गोड्या पाण्याची बारीक दोरी इथे नको. 30 पाउंडची ब्रेड म्हणजे विणलेली दोरी आणि पुढे गळाजवळ हातभर 50 पाउंडचा लीडर, म्हणजे जाड दोरीचा तुकडा, घ्या, चोणकाच्या गालफडाची कड ब्लेडसारखी असते, बारीक दोरी एका झटक्यात जाते, आणि तांबोशी गळाला लागली की सरळ कालवं चिकटलेल्या खुंटाकडे पळते तेव्हा सुरुवातीचे चार-पाच सेकंद रील घट्ट धरायचं, दोरी सोडली की गेलीच. आमिष म्हणून जिवंत सुंगट, शेपटीत टोचायचं म्हणजे ते पोहत राहतं, आणि शिसं अगदी कमी. गांडूळ घरी ठेवा. मुलांना एक साधी बारीक दोरी, छोटी गरी आणि सुंगटाचा तुकडा द्या, काळुंदर, पालू असलं काहीतरी लागत राहतं आणि मुलं कंटाळत नाहीत.
रात्री डेकवरचा एखादा दिवा पाण्यावर पडू द्या. उजेडात बारीक मासळी, सुंगटं गोळा होतात आणि मोठा मासा उजेडात येत नाही, सावलीच्या कडेला उभा असतो, म्हणून गळ उजेडाच्या मधोमध टाकू नका, अंधारात टाकून कडेकडेने आणा. जनरेटरचं फार मनावर घेऊ नका पण डेकवर पाय आपटणं, खुर्च्या ओढणं बंद.
आणि एक मनापासून सांगतो, चोणक आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे दांडगा मासा लागला की ती अंडी देणारी मादी. पावसाच्या तोंडावर ह्या माद्या खाडीच्या तोंडाकडे जाऊन अंडी घालतात. फोटो काढा, पाण्यात धरून दोन मिनिटं सावरू द्या आणि सोडा. ताटापुरता मध्यम एखादा ठेवला तर कुणी काही म्हणणार नाही.

वाळवंटीकाठचा
सगळ्यांचे आभार, हे इतकं कुणी सांगितलं नसतं. सुंगटं जिवंत कुठून आणू? आणि मुलांच्या बाबतीत अजून काय बघायचं?

शिवोलीकर
सकाळी बाजारात नको, ती बर्फातली असतात. आदल्या दिवशी चोपड्याला किंवा शिवोलीला पागणाऱ्या, म्हणजे फेकजाळं टाकणाऱ्या, माणसाला सांगून ठेवा, बादलीत नदीचंच पाणी आणि छोटा एअर पंप. नळाचं पाणी घातलंत तर जागेवर मरतात.

खाजनवाली
मुलांना लाइफ जॅकेट, डेक ओला असतो आणि सुकतीची ओढ वरून कळत नाही. दुसरं म्हणजे रात्री शिंगाळा हा मिशाळ मासा हमखास लागतो, त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा विषारी, मुलांना हात लावू देऊ नका, पक्कडीने गरी काढा नाहीतर दोरी कापून टाका. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, वेदना त्यानेच उतरते, स्वयंपाक्याला किटली तयार ठेवायला आधीच सांगा. काटा आत मोडला असेल किंवा हात सुजला तर सरळ डॉक्टर.