भारद्वाज, कुकुडकोंबा आणि ग्रेटर कौकल

स्थानिक नावं दर बारा कोसांवर बदलतात, म्हणून पक्षी-नोंदीत आंतरराष्ट्रीय इंग्रजी नावच घालावं, हा मुद्दा मला अर्धाच पटला. इंग्रजी नावं तरी कुठे एका जागी बसतात? भारद्वाजच घ्या. जुन्या पुस्तकांत तो क्रो-फेझंट, आता ग्रेटर कौकल. मुळात तो कावळाही नाही आणि फेझंट, म्हणजे कोंबड्याच्या जातकुळीतला पक्षीही नाही. कोकिळेच्या कुळातला, पण घरटं स्वतः बांधतो, अंडी दुसऱ्याच्या गळ्यात मारत नाही. आपला तांबटही पूर्वी क्रिम्झन-ब्रेस्टेड बार्बेट होता. आता कॉपरस्मिथ, म्हणजे फिरून तांबटच की!

बोरिवलीला आमच्या सोसायटीच्या मागच्या कुंपणाशी एक भारद्वाज येतो. परवा चोचीत पाल लोंबत होती. लाल डोळे, विटकरी पंख, आणि चाल थेट सोसायटीच्या चेअरमनची. आई गॅलरीतूनच नमस्कार करते, सकाळी दिसला की शुभ म्हणून. तिच्या माहेरी, कुडाळकडे, तो कुकुडकोंबा. कौकल म्हटलं तर विचारेल, 'हा कोण पाहुणा?'

स्थानिक नाव खरं लंगडं पडतं ते खाडीवर. पांढरं दिसलं की बगळा, मग मोठा असो की लहान. काळी चोच, काळे पाय आणि पिवळी पावलं असलेला लहान बगळा वेगळा, हे नोंदीत यायलाच हवं. म्हणून शास्त्रीय नाव हवंच.

मी मथळ्याला भारद्वाज लिहीन, शेजारी सेंट्रोपस सायनेन्सिस, इंग्रजी नाव खाली. आणि कुकुडकोंबा लिहाल तेव्हा गावाचं नावही लिहा.