मदत हवी आहे: घराच्या ड्राइव्हवेसाठी कोणता स्नो ब्लोअर घ्यावा?

शिशिरा
नमस्कार मंडळी. आम्ही या जुलैमध्ये नव्या घरात राहायला आलो असून पहिल्या हिवाळ्याआधी स्नो ब्लोअर, म्हणजे बर्फ उचलून दूर फेकणारे यंत्र, घ्यायचा आहे. दुकानात गेले तेव्हा विक्रेत्याने एक टप्पा, दोन टप्पे, तीन टप्पे असे भराभर सांगितले आणि सर्वांत महागड्या यंत्रापाशी नेऊन उभे केले. दोन आठवडे रोज रात्री वाचते आहे, पण गोंधळ वाढतोच आहे. सवलत रविवारी संपते. ड्राइव्हवे (गॅरेजपासून रस्त्यापर्यंतची गाडीची वाट) दोन गाड्यांचा आहे. कृपया एकच नाव सांगावे, म्हणजे शनिवारी जाऊन घेऊन येता येईल.

गोदाकाठ
आपण राहता कुठे, हे लिहिलेलेच नाही. वर्षातून तीन वेळा सहा इंच बर्फ पडणारे गाव आणि एका रात्रीत तीन फूट पडणारे गाव यांना एकच यंत्र चालत नाही. ड्राइव्हवेची लांबी किती आहे, चढ आहे का, खाली डांबर आहे, काँक्रीट आहे की खडी, हेही कळवावे.

नीलमोहर
इतका विचार करण्याची गरज नाही. बॅटरीचे घ्या. माझ्याकडे इगो कंपनीचे ५६ व्होल्टचे, एका टप्प्याचे, २१ इंच रुंदीचे यंत्र आहे. दोरी ओढायची नाही, पेट्रोल साठवायचे नाही, आणि पहाटे पाच वाजता चालवले तरी शेजाऱ्यांची झोप मोडत नाही. चार हिवाळे झाले, एकदाही दुरुस्तीला न्यावे लागलेले नाही. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो.

शिशिरा
क्षमस्व, ते राहूनच गेले. आम्ही न्यूयॉर्क राज्यात, बफेलोच्या दक्षिणेला ऑर्चर्ड पार्कमध्ये राहतो. ड्राइव्हवे सुमारे ६० फूट लांब आणि १६ फूट रुंद असून डांबरी आहे. चढ किंचित आहे. आता तरी नाव सांगता येईल का?

सह्यकडा
ऑर्चर्ड पार्क म्हटल्यावर सविस्तर लिहिणे माझे कर्तव्य समजतो, कारण मी त्याच भागात १८ हिवाळे काढले आहेत. ईरी सरोवराचे पाणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अजून उबदार असते, त्यावरून थंड वारा वाहत येतो आणि वाटेत उचललेली वाफ बर्फ होऊन अरुंद पट्ट्यात पडते. पट्टा आपल्या डोक्यावर थांबला, तर दहा मैलांवर ऊन असताना आपल्या दारात कंबरभर बर्फ साचतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये आपल्या गावात चार दिवसांत सुमारे ८० इंच बर्फ पडला होता. सरोवर गोठले की हा प्रकार बराच कमी होतो. म्हणजे आपली खरी परीक्षा हिवाळ्याच्या सुरुवातीलाच असते.

एका टप्प्याच्या यंत्रात रबरी पात्यांचा एकच फिरता दांडा असतो. तोच बर्फ खरवडतो आणि तोच नळीतून बाहेर फेकतो. सहा-आठ इंच भुसभुशीत बर्फाला ते उत्तम, आणि जमीनही स्वच्छ निघते. दोन टप्प्यांच्या यंत्रात पुढचा लोखंडी मळसूत्री दांडा, म्हणजे ऑगर, बर्फ फोडून मध्यभागी आणतो आणि मागचा पंखा तो दूर भिरकावतो. शिवाय चाकांना इंजिनाचे बळ असल्यामुळे यंत्र स्वतःच पुढे सरकते.

मात्र निवड आकाशातून पडणाऱ्या बर्फावरून करू नका, तर रस्ता साफ करणारा प्लाऊ आपल्या दारात जी भिंत उभी करून जातो, तिच्यावरून करा. तो बर्फ दाबलेला, मीठ-चिखल मिसळलेला आणि ओल्या वाळूसारखा जड असतो. दोन तासांत त्याचा दगड होतो. माझ्याकडे पहिली दोन वर्षे एका टप्प्याचे यंत्र होते. सारा ड्राइव्हवे वीस मिनिटांत होत असे आणि शेवटच्या चार फुटांसाठी तासभर फावडे मारावे लागे.

नीलमोहर
सह्यकडा, आपण बॅटरी हा पर्यायच वगळला आहे. बॅटरीवरची दोन टप्प्यांची यंत्रेही आता मिळतात. पेट्रोल म्हणजे दर वसंत ऋतूत टाकी रिकामी करणे, कार्ब्युरेटरमध्ये साचलेला चिकट थर काढणे आणि तेल बदलणे. नव्या माणसाला हे सारे कशासाठी सांगायचे?

सह्यकडा
वगळला नाही, आपल्या भागापुरता मागे ठेवला. कडाक्याच्या थंडीत बॅटरीची क्षमता घटते आणि ओल्या बर्फात ती फार लवकर उतरते. एडिसनला काम एका खेपेत संपते. इथे चोवीस तासांत चार खेपा कराव्या लागतात, आणि अशा वादळात वीज गेली तर चार्जर काय कामाचा? कार्ब्युरेटरबद्दल म्हणाल, तर इथेनॉल नसलेले पेट्रोल वापरले, त्यात स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारे द्रावण) घातला आणि एप्रिलमध्ये टाकी रिकामी केली की तो प्रश्न उरत नाही.

अबोली
यंत्र घेताच कशाला? हंगामाचे कंत्राट देऊन टाका. प्लाऊ लावलेला ट्रक येतो आणि पाच मिनिटांत मोकळे करून जातो.

गोदाकाठ
अबोलीताई, आम्ही तेच केले होते. मला सातच्या पाळीला निघायचे असे आणि ट्रक दहाला येत असे, कारण मोठ्या वादळात त्याच्या यादीत आमच्याआधी ४० घरे होती. ज्या दिवशी सर्वांत जास्त गरज, त्याच दिवशी तो सर्वांत उशिरा. ज्यांना घरूनच काम करता येते त्यांच्यासाठी कंत्राट ठीक आहे.

दत्तूकाका
यंत्रापेक्षा मिठाकडे लक्ष द्या. साधे खडे मीठ १५ अंश फॅरनहाइटच्या खाली फारसे काम करत नाही. तेव्हा कॅल्शियम क्लोराइड वापरावे. नव्या काँक्रीटवर पहिल्या हिवाळ्यात मीठ टाकू नये, पापुद्रे सुटतात. आमच्या पायऱ्यांचे तसे झाले आहे.

शिशिरा
काका, पायऱ्यांसाठी हे लक्षात ठेवीन, आभारी आहे. परंतु माझा प्रश्न यंत्राचा आहे आणि आज गुरुवार आहे.

गोदाकाठ
दोनच गोष्टी विचारतो. ड्राइव्हवे अगदी रस्त्यापर्यंत डांबरी आहे ना? आणि यंत्र चालवणार कोण?

शिशिरा
रस्त्यालगतचे शेवटचे १५ फूट खडीचे आहेत. थोडीच जागा म्हणून लिहिले नव्हते. आणि चालवणार मीच, कारण हे सोमवार ते गुरुवार कामासाठी बाहेरगावी असतात. माझी उंची पाच फूट एक इंच आहे आणि गेल्या वर्षी उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली आहे.

सह्यकडा
ताई, हे दोन्ही फार महत्त्वाचे होते. ज्या जागी प्लाऊची भिंत उभी राहणार तिथेच खडी आहे. एका टप्प्याची रबरी पाती जमिनीला घासून चालतात, त्यामुळे ती खडी उचलून शेजाऱ्याच्या खिडकीवर गोळीसारखी मारतील. तेव्हा तो पर्याय संपला. दोन टप्प्यांच्या यंत्राला दोन्ही बाजूंना तळाशी स्किड शू नावाचे लोखंडी तुकडे असतात. ते खाली सरकवले की यंत्राचे तोंड जमिनीपासून इंच-दीड इंच वर राहते आणि खडी आत येत नाही. तो इंचभर बर्फ खाली राहू द्या. एकदा तो घट्ट गोठला की खडी जागची हलत नाही.

आता खांद्याबद्दल. आपल्या ड्राइव्हवेवर एक फूट बर्फ म्हणजे ९६० घनफूट, आणि साधारण ताजा बर्फ धरला तरी त्याचे वजन अडीच टनांच्या वर जाते. फावड्याचा विचारच करू नका. रुंदी २४ इंच पुरे. २८ इंची यंत्राने दोन-चार फेऱ्या वाचतात, पण गॅरेजमध्ये ते वळवताना खांदा दुखेल. २४ इंची यंत्रही दोनशे पौंडांच्या आसपास असते, म्हणून कळ दाबताच त्या बाजूचे चाक सुटून यंत्र सहज वळते, अशी सोय असलेलेच घ्या. पेट्रोलच्या यंत्रातील इलेक्ट्रिक स्टार्टमध्ये बहुधा बॅटरी नसते, ते भिंतीच्या प्लगला वायर जोडून सुरू करायचे असते. तेव्हा गॅरेजच्या दाराजवळ प्लग आहे का ते पाहा. यंत्र मात्र बाहेर ढकलूनच सुरू करा, कारण बंद गॅरेजमध्ये त्याचा धूर जीवघेणा ठरतो.

नावच हवे असेल, तर एरियन्स किंवा टोरो यांपैकी ज्याची दुरुस्ती करणारा आपल्या घराजवळ असेल ते.

नीलमोहर
खडी आणि चार खेपा हे लक्षात घेता माझा सल्ला इथे लागू पडत नाही, हे मान्य करतो. एक भर घालतो: शिअर पिनांचे, म्हणजे ऑगर अडकला की आधी स्वतः तुटणाऱ्या पिनांचे, पाकीट सोबतच घ्या. माझ्या भावाच्या यंत्रात बर्फाखाली पुरलेले वर्तमानपत्र अडकले, गुंडाळी दगडासारखी गोठलेली होती. पिन तुटली म्हणूनच गिअरबॉक्स वाचला. त्याच्याजवळ दुसरी पिन नव्हती, आणि वादळात दुकाने बंद.

सह्यकडा
आणि नळी बर्फाने तुंबली तर इंजिन बंद करूनही हात आत घालू नका. अडकलेल्या पात्यात ताण शिल्लक असतो. बर्फ मोकळा होताच ते फिरते. माझ्या एका सहकाऱ्याची दोन बोटे अशीच गेली. यंत्रावर लावलेली प्लास्टिकची काठी त्यासाठीच असते. बर्फ रस्त्यावर फेकू नका, न्यूयॉर्क राज्यात त्याला कायद्याने मनाई आहे.

शिशिरा
सर्वांचे मनापासून आभार. आत्ताच टेप घेऊन गॅरेज मोजले. दुसरी गाडी थोडी पुढे घेतली तर २४ इंची यंत्र आरामात मावते. प्लग दारापासून सहा फुटांवर आहे. टोरोची दुरुस्ती करणारे दुकान घरापासून तीन मैलांवर असल्याचे कळले, म्हणून शनिवारी तिथेच जाऊन हँडल माझ्या उंचीला जमते का आणि वळवताना खांद्यावर जोर येतो का, हे प्रत्यक्ष पाहणार आहे. खडी जिथे सुरू होते त्या कडेला आजच चार खांब ठोकून त्यांवर लाल पट्ट्या लावल्या आहेत.

सह्यकडा
खांब निदान चार फूट उंचीचे असू द्या. आमचे तीन फुटी होते, ते २०२२ मध्ये पहिल्याच रात्री दिसेनासे झाले.