दीड हजार रुपये आणि न ठरलेली तारीख

बांधावरचा

परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी पाच वर्षांपासून बँकेचं ग्राहक सेवा केंद्र चालवतो. एक लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन आणि गल्ला, एवढंच माझं भांडवल. लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून लागू झाली. आमच्या गावातल्या बहुतेक बायांचे पैसे तेव्हापासून माझ्याच हातून निघतात. टीव्हीवर एक जण म्हणतो बाया आळशी झाल्या, दुसरा म्हणतो बाया स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. माझ्या टेबलावरून जे दिसतं ते दोघांच्याही बोलण्यात येत नाही, म्हणून हा धागा.

परवा पन्नाशीच्या एक मावशी आल्या. मशीन अंगठा घेईना. सोयाबीनची काढणी झाली, लगेच कापूस वेचणी लागली, बोटांवरच्या रेषा पार झिजल्यात. ओल्या फडक्यानं पुसून पाहिलं, खोबरेल लावून पाहिलं, शेवटी डाव्या हाताच्या मधल्या बोटानं काम झालं. खात्यावर १,५६२ रुपये होते. मावशींनी १,५०० काढले. तिथंच मांडीवर तीन वाटे केले: ६०० किराण्याच्या उधारीला, ४०० नातीच्या औषधाला, आणि उरलेले ५०० परत माझ्याकडं सरकवले. "खात्यावरच राहू दे, घरी राहत न्हाईत." घरी कुणाच्या हाती लागतात ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

योजना सगळ्यांना माहीत आहे, तरी थोडक्यात: वय २१ ते ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, महिन्याला १,५००. ज्या बाईला पीएम किसान आणि नमो शेतकरीचे मिळून वर्षाला १२ हजार येतात, तिला इथले फक्त ५००.

माझं म्हणणं तारखेबद्दल आहे. पहिले दोन हप्ते ऑगस्ट २०२४ मध्ये राखीपौर्णिमेच्या तोंडावर आले. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे आचारसंहितेच्या आधी एकदम आले. डिसेंबरचा महिन्याच्या अखेरीस. फेब्रुवारी-मार्च २०२५ चे महिला दिनाच्या सुमारास जोडून. तेव्हापासून कुठल्या महिन्याचा हप्ता कुठल्या महिन्यात येईल हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. दारात रोज तोच प्रश्न: "आले का?"

पैसे २० तारखेला येणार हे पक्कं असलं तर दुकानदार १० तारखेला उधार देतो. पक्कं नसलं तर सावकार देतो, महिना शेकडा पाच रुपयांनी. दीड हजारातले किती रुपये नुसत्या वाट पाहण्यात जातात हे मी रोज बघतो.

महाराष्ट्रानं हे काम एकदा नीट केलेलं आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. काम मागितल्यावर १५ दिवसांत काम, नाही दिलं तर बेकारी भत्ता. भत्ता तुटपुंजा होता, पण मजूर तहसीलवर जाऊन हक्कानं भांडू शकत होता. लाडक्या बहिणीच्या मागं शासन निर्णय आहे, कायदा नाही. हप्ता चुकला तर बाईनं भांडायचं कुणाशी? माझ्याशीच भांडतात. रकमेचे २,१०० करायचे तेव्हा करा, पण आधी महिन्याची एक तारीख कायद्यानं बांधून द्या.

जिरायती सहा एकर

भाऊ, तुम्ही गल्ल्याच्या अलीकडून बघता, मी बांधावरून बघतो. माझा कापूस सप्टेंबरच्या पाण्यात अर्धा गेला. जो उरला तो बोंडात फुटून लोंबतोय आणि वेचायला बाया मिळेनात. मागच्या साली ८ रुपये किलोनं वेचणी दिली, यंदा १२ देऊनही ऑटो पाठवून शेजारच्या गावातून माणसं आणावी लागतात. पैसे आले की त्या आठवड्यात हमखास दोन-चार बाया कमी. हे मी कुणाला नावं ठेवायला सांगत नाही, माझ्या वावरातलं सांगतोय.

सरकारनं २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात या योजनेला ३६ हजार कोटी ठेवले. २०२५ च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ होता, आमच्या मोंढ्यात ४ हजारांच्या आसपास मागत होते. क्विंटलमागं हजार-तेराशे माझे गेले. तो भाव पुरा मिळाला असता तर मी वेचणीला १५ रुपये आनंदानं दिले असते. पैसा गावातच फिरला असता आणि कुणाला अंगठा घासत बसावं लागलं नसतं.

आणखी एक. आमच्या आरोग्य उपकेंद्रात महिन्यातून कितीदा नर्सबाई असतात ते गावाला विचारा. त्या मावशींनी नातीच्या औषधाला ४०० बाजूला काढले म्हणता. ते औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळायला पाहिजे होतं की नको? एका हातानं दीड हजार द्यायचे आणि दवाखाना ओस पाडून त्यातले चारशे खाजगी डॉक्टरकडं पाठवायचे, याला मदत म्हणायची का? मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकासचे ३३५ कोटी या योजनेकडं वळवले, तेव्हा सामाजिक न्याय खात्याचे मंत्रीच उघड नाराज झाले होते. ज्या पोरांच्या वसतिगृहाला तो पैसा लागतो, त्यांच्या आयाच या योजनेत आहेत.

तारीख बांधून द्या म्हणता. मी म्हणतो आधी दवाखान्याला डॉक्टर बांधून द्या.

आशा_हिंगोली

दादा, मी आशा कार्यकर्ती आहे, उपकेंद्राबद्दल तुमचं खरंय, त्यावर वाद घालणार नाही. पण "पैसे आले की बाया कमी" हे अर्धंच सांगितलंत. त्या बाया जातात कुठं ते मी बघते, कारण मी घरोघर फिरते. माझ्या वाडीतली एक बाई हप्ता आला की पोराला घेऊन जिल्ह्याला जाते. त्याला फिट येतात. आधी मजुरी बुडेल म्हणून दोन-दोन महिने गोळ्या बंद असायच्या. तुमच्या वेचणीला ती एक दिवस कमी पडते ते यासाठी.

आणि मजुरी ८ ची १२ झाली यात मला वाईट दिसत नाही. दिवसभर पाठ मोडून ३० किलो वेचला तर आता ३६० पडतात, आधी २४० पडायचे. घरात चार दाणे आहेत म्हणून बाई भाव ठरवून बोलायला लागली. तुम्हाला सोयाबीनचा भाव पाहिजे, तिला हाताचा.

पण बांधावरचे भाऊ, तुमचंही चित्र अपुरं आहे. योजना आल्यावर आमच्याकडं फायनान्सवाल्यांनी गट बांधायचा सपाटा लावला. दहा-दहा बायांचा गट, ३०-४० हजार कर्ज, एकमेकींची जामीन. "लाडकीचे येतातच की, त्यात हप्ता निघतो" असं सांगून दिलं. माझ्या यादीतल्या बायांपैकी निम्म्याजणींचे दीड हजार घरात येतच नाहीत, गटाच्या हप्त्यात जातात. एकीचा महिना चुकला की बाकी नऊ जणी तिच्या दारात. मागच्या महिन्यात एका पोरीनं कानातलं मोडलं, कारण लाडकीचे आले नव्हते आणि वसुलीवाला अंगणात बसून होता, जेवायलाही उठेना. त्या पोरीला सहावा महिना आहे. मी तिचं वजन करायला गेले होते.

पक्की तारीख कर्ज देणाऱ्यालाही हवीच आहे, हे ध्यानात ठेवा. तुम्ही तारीख बांधाल, तो त्याच तारखेला दारात येईल.

माजी मुख्याध्यापक

लातूरला असतो. वरचं सगळं वाचलं. गरजूला द्यावं याबद्दल दुमत नाही. पण जुलै २०२५ मध्ये स्वतः शासनानंच सांगितलं की २६ लाखांच्या आसपास लाभार्थी अपात्र दिसतात, आणि १४ हजारांहून जास्त पुरुषांच्या नावावर पैसे गेले. हा पैसा कुणाच्या तरी कराचा आहे. ई-केवायसी सक्तीची केली ते योग्यच. आणि खेड्यात रोख हातात आली की दारूचं दुकान भरतं, हे मी ३२ वर्षं पगाराच्या दिवशी पाहिलंय.

बांधावरचा

सर, अपात्र नावं काढलीच पाहिजेत. पण चाळणी कशी फिरते ते माझ्या टेबलावर येऊन बघा. ई-केवायसीला बाईच्या आधारनंतर नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार मागितला, ओटीपी त्यांच्या मोबाइलवर. आमच्या गावातले वीस-पंचवीस पुरुष ऊसतोडीला कोयत्यावर गेलेत, फोन लागत नाही. एका बाईचा नवरा गेला, वडीलही गेले. ती चार वेळा आली, चारही वेळा मी तिला परत पाठवलं. मुदत १८ नोव्हेंबर २०२५ ची ३१ डिसेंबर झाली म्हणून थोडा श्वास मिळाला. ज्यानं खोटं नाव घातलं त्याला कागद जमवता येतात, अडकते ती अशी बाई.

दारूबद्दल. पगार पुरुषाच्या हातात पडायचा, सर. हे पैसे बाईच्या खात्यावर येतात, म्हणून तर मावशी ५०० माझ्याकडं ठेवून जातात. मध्य प्रदेशात इंदूरच्या आसपासच्या गावांत २०११ च्या सुमाराला 'सेवा' या कामकरी बायांच्या संघटनेनं आणि युनिसेफनं बिनशर्त रोख देऊन पाहिली होती. मोठ्या माणसाला महिन्याला २०० रुपये, मुलाला १००, पुढं ३०० आणि १५०. ज्या गावांना पैसे मिळाले नाहीत त्यांच्याशी ताडून पाहिलं. दारू वाढली नाही. खाणं सुधारलं, मुली शाळेत जास्त टिकल्या, काहींनी शेळ्या घेतल्या. आणि जिरायती दादा, हे तुमच्यासाठी: लोक कामाचे चोर झाले नाहीत. दुसऱ्याच्या वावरातली मजुरी थोडी कमी करून स्वतःच्या तुकड्यात जास्त राबले. तुम्हाला बाया कमी दिसतात त्यातल्या काही त्यांच्याच दीड एकरात असतील.

आशाताई, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. वसुलीवाले माझ्या केंद्राबाहेरही उभे असतात, बाई पैसे घेऊन पायरी उतरली की हात पुढं. मी ते रोज बघतो आणि वर एक अक्षर लिहिलं नाही. तारीख बांधली की वसुलीही त्या दिवशी बांधली जाईल, याला माझ्याकडं पुरं उत्तर नाही. एवढं सांगतो की आज हप्ता चुकल्यावर दंड बाईला पडतो, उशीर मात्र सरकारचा असतो. कायद्यात तारीख असली तर त्या उशिराचं व्याज सरकारकडं मागता येईल. त्या पोरीचं कानातलं कदाचित राहिलं असतं.

माजी मुख्याध्यापक

नवरा आणि वडील दोन्ही नसलेल्या बाईचा मी विचार केला नव्हता. तिथं चाळणी बदलायला हवी, हे मान्य. बाकी मत तेच.

आशा_हिंगोली

बांधावरचे भाऊ, सरकारच्या उमेद अभियानातल्या बचत गटातून स्वस्त कर्ज मिळतं, पण ते कागद होईस्तोवर महिना जातो आणि फायनान्सवाला चौथ्या दिवशी पैसे घरी आणून देतो. बाया तिकडं का जातात ते एवढंच आहे. त्या पोरीला उद्या तपासणीला नेतेय. रक्त (हिमोग्लोबिन) ७ आहे.

जिरायती सहा एकर

ताई, रक्त ७ म्हणजे फारच कमी. उपकेंद्राबद्दल माझं म्हणणं या एका आकड्यानंच पुरं होतं, मी ते सोडणार नाही. ३६ हजार कोटीत गावोगावचे दवाखाने उभे राहिले असते.

वेचणीच्या भावाचं तुमचं लागलं मला. घरी बोललो. बायको म्हणाली, तुम्ही १२ देता ते बरोबर, पण देता कधी? मी मोंढ्यात कापूस घातला की पैसे द्यायचो, कधी पंधरा दिवस, कधी तीन आठवडे. आमचा बाजार शनिवारी असतो. या आठवड्यापासून शुक्रवारी संध्याकाळी वजन करून तिथंच चुकते करतोय, व्यापाऱ्याकडून उचल घेऊन. सहा बाया होत्या, आज आठ आल्या.