मदत हवी आहे : ऑर्थो रेसिडेंटने आधी कोर्स करावा की थेट फेलोशिपचं बघावं?

नमस्कार मंडळी. मी ऑर्थोपेडिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ट्रॉमाच्या (अपघाताच्या) केसेस भरपूर येतात, पण रात्रीच्या धावपळीत सीनियर शिकवणार तरी कधी? ड्रिल हाडाच्या पलीकडच्या कॉर्टेक्समधून (बाहेरच्या कठीण थरातून) बाहेर पडताना हात नेमका कुठे थांबवायचा, हे वाचून येत नाही. ते प्लास्टिकच्या हाडावर पुन्हा पुन्हा करून मगच पेशंटवर करावं, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून एओचा (फ्रॅक्चरच्या शस्त्रक्रिया शिकवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा) बेसिक कोर्स डोक्यात आहे. 1960 पासून स्वित्झर्लंडमधल्या दावोसला त्यांचे कोर्स सुरू आहेत आणि प्लेट-स्क्रू प्रत्यक्ष हाताने बसवायला मिळतात, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तो आत्ताच करावा, की थोडी फ्रॅक्चर स्वतः फिक्स केल्यावर जास्त पदरात पडेल?

दुसरं म्हणजे आर्थ्रोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून सांध्याची शस्त्रक्रिया. स्क्रीनकडे बघत दोन्ही हात चालवायची सवय सिम्युलेटरवर होते, की कॅडेव्हर लॅबला (मृतदेहावरच्या सरावाला) पर्याय नाही? दोन्ही केलेल्यांनी जरूर सांगा.

सिकॉटची (ऑर्थो सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची) डिप्लोमा परीक्षा कोणी दिली आहे का? तयारी कशी केली? आणि फेलोशिप (पदव्युत्तर शिक्षणानंतरचं विशेष प्रशिक्षण) निवडताना नाव बघावं की तिथे प्रत्यक्ष हातात किती केसेस मिळतात ते? नुसतं मागे उभं राहून बघायचं असेल तर वर्ष घालवायची माझी तयारी नाही. खर्चाला स्कॉलरशिप मिळवलेल्यांनी अर्जात काय लिहिलं होतं, तेही कळलं तर फार उपयोग होईल.